तिला काय आवडतं, ते मला माहीत होतं

आमच्या घरात कुणाला काय आवडतं हे विचारायची रीतच नव्हती. माझं लहानपण भंडाऱ्याकडच्या खेड्यात गेलं. तिथं पाहुण्याला 'काय घेता' म्हटलं की त्यानं 'काहीबी चालते' म्हणायचं आणि यजमानानं चहा टाकायचा. ताटात येईल ते खायचं, दुकानातून येईल ते घालायचं. लग्नाच्या वेळी मामांनी मला विचारलं, "पोरगी पसंत आहे ना?" उत्तर ते घरूनच घेऊन आले होते. मी मान हलवली. मला ती खरोखर पसंत होती, ही वेगळी गोष्ट.

त्यामुळे नोकरीसाठी भिलाईला आल्यावर, जुनवानीतल्या विशेष मुलांच्या दोन खोल्यांच्या केंद्रात एक तरुण मुलगी आमच्यासमोर सतरंजीवर बसली आणि "तुमच्या लेकीला काय काय आवडतं?" असं विचारून गप्प वाट पाहू लागली, तेव्हा मला आधी हसू आलं. लेक तेव्हा सात वर्षांची होती. ती बोलत नसे. तिला ऑटिझम आहे हे आम्हाला कळून काही वर्षं झाली होती. तिला काही हवं असलं आणि ते काय हे आम्हाला उमगलं नाही, की ती स्वतःचं डावं मनगट चावायची. जुनी खूण भरत आली की तिथंच नवी. उन्हाळ्यातही माझी बायको तिला लांब बाह्यांचं घालायची.

शिकवणाऱ्या त्या मुलीला सगळे मॅडम म्हणत. दुर्गच्या रेल्वेवाल्या मराठी घरातली. मराठी घरापुरती, बाकी सगळं हिंदीत. आम्हाला ती काका-काकू म्हणायची. तिनं समजावून सांगितलं ते मला आजही आठवतं.

"काका, ती चावून जे मागते ना, ते हातानं मागायला शिकवायचंय. पण त्यासाठी तिच्या जिवाची एक तरी गोष्ट पाहिजे. ती दाखवायची, तिनं हात पुढं केला की लगेच द्यायची. आवडीचीच नसली तर हात कशाला करेल पुढं? म्हणून आधी आवड शोधायची. सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे आई-वडिलांना विचारणं."

"मुरमुऱ्याचा लाडू," बायको म्हणाली. "अन् नळाखाली हात धरून ठेवते."

"तुम्ही काका?"

"फुगे," मी म्हणालो. "चॉकलेट. मोबाईलवरचे गाणे."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या लेकीनं फुग्याला कधी हात लावला नव्हता. पण बापाला काही तरी ठाऊक असेल, असं तिला वाटलं असावं. खरं उत्तर त्या वेळी माझ्या पँटच्या खिशात होतं.

ते उत्तर म्हणजे खर्रा. विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ तुकड्यात घ्यायचा आणि तळहातावर ठेवून दुसऱ्या हातानं घोटायचा. घोटता घोटता सुपारीला ओल सुटते, मग चिमूट तोंडात. भिलाईत छत्तीसगढी माणसं दातांना गुडाखू, म्हणजे तंबाखूची ओली पेस्ट, लावतात. आम्ही विदर्भाकडचे मात्र मार्केटजवळच्या एका पानठेल्यावर जमायचो. ठेलेवाला गोंदियाकडचा होता. मी कारखान्यात क्रेन चालवतो. पाळी सुटली की माझी सायकल, पुढं मोटारसायकल, आपोआप तिकडं वळायची.

माझ्या सासऱ्यांचंही तसंच होतं. खर्ऱ्यानं शेवटी शेवटी त्यांचं तोंड चमचाभर पाण्यालाही उघडेना. ते गेले त्या वर्षी बायकोनं मला लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. "म्हणा, आता खाईन नाई." मी म्हणालो. काही महिने पाळलंही. मग पुन्हा सुरू झालं, फक्त लपून. ठेल्यावरचे दोस्त टिंगल करायचे.

"का भाऊ, बायकोले एवढा भेते?"

"भेतो बा."

"मंग घरी नेतेच कावून?"

घरी न्यायचो कारण सुटीच्या दुपारी राहवायचं नाही. क्वार्टरच्या मागे बाडी, म्हणजे परसबाग आहे, तिथं पाण्याच्या टाकीच्या आडोशाला मी बसायचो. बायको आत पडलेली असायची, नाही तर सिविक सेंटरच्या बाजारात काही आणायला गेलेली. एकदा मी घोटत बसलो असताना लेक मागून आली आणि माझ्या हातावर तिनं आपला तळहात ठेवला. पन्नी चुरचुरत होती. माझा हात पुढं जाई तसा तिचा जाई, मागं येई तसा येई. तिच्या घशातून एक आवाज येऊ लागला, मधमाशीसारखा, एका सुरात. मान सैल झाली. जी मुलगी कुणाच्या मांडीवर टिकत नव्हती, ती माझ्या मांडीला टेकून बसली.

त्यानंतर ती माझ्या सुटीच्या दिवशी बाडीत येऊन थांबायची. आता जे लिहितो आहे ते आजवर कुणाला नीट सांगितलं नाही. तिचं येणं मला सोयीचं वाटलं. बायको अचानक दारात आली तर बाप-लेक खेळत बसलेत असं दिसे, मी मूठ मिटून घेई. एकदा ती दारातच थांबून बघत राहिली आणि म्हणाली, "तुमच्याजवळ कशी बसते बाप्पा!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पन्नी मुठीत आवळून बसलो होतो. बायको आत गेली की मी लेकीचे हात साबणानं रगडून धुवायचो. तंबाखूची भीती होतीच, वासाचीही होती. त्यातली कोणती मोठी होती हे मला त्या वेळी विचारलं असतं तर मी पुन्हा फुगा-चॉकलेटच सांगितलं असतं.

केंद्रात मॅडमचा शोध सुरू झाला होता. बायको रोज ऑटोनं लेकीला घेऊन जायची. माझी सुटी असली की मीही जायचो. आम्ही सांगितलेल्या वस्तू मॅडमनं जमवल्या, आणखी स्वतःच्या घातल्या: भोवरा, घुंगरू, मऊ ब्रश, गोळे, मुरमुऱ्याचा लाडू. आधी तिनं एकेक वस्तू पुढं केली. घेते की ढकलते ते पाहायचं. लेकीनं सगळ्याला बोट लावलं आणि सगळंच सोडून दिलं. "एकेक दिल्यावर मुलं बरेचदा सगळंच घेतात," मॅडम म्हणाली. "कमी-जास्त कळत नाही."

मग तिनं दोन-दोन वस्तू समोर ठेवल्या. एक उचलायची, दुसरी राहू द्यायची. लेकीनं प्रत्येक वेळी उजवीकडची उचलली. मला वाटलं, जमलं. मॅडमनं बाजू बदलल्या. पुन्हा उजवीकडची. ब्रश असो की लाडू, उजवा हात जिथं पडेल तिथली वस्तू.

"म्हणजे तिले दोनी आवडतात?" बायकोनं विचारलं.

"नाही काकू. ती निवडतच नाहीये. आपण तिला प्रश्न विचारला, पण तो तिच्यापर्यंत पोचलाच नाही."

पुढच्या वेळी तिनं वस्तू ओळीनं मांडल्या. एक घेतली की थोडा वेळ खेळू द्यायची, मग काढून ठेवायची आणि उरलेल्यांतली दुसरी घेऊ द्यायची. अशानं आवडीचा क्रम लागतो म्हणे. लेकीनं घुंगरू घेतलं. मॅडमनं ते काढून घेताच तिनं मनगटात दात रोवले. मॅडमनं घुंगरू लगेच परत दिलं, पट्टी बांधली आणि ती पद्धत तिथंच सोडून दिली. "काढून घेतल्यावर जे मूल चावतं, त्याच्यासाठी ही नाही. माझीच चूक झाली." तिची चूक नव्हती. मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि मला ठाऊक होतं की ही सगळी शोधाशोध कशामुळं लांबते आहे.

त्यानंतर तिनं सगळं खोलीभर पसरून ठेवलं आणि लेकीला मोकळं सोडलं. मागायचं नाही, द्यायचं नाही, काढून घ्यायचं नाही. फक्त कुठं जाते, किती रमते ते बघायचं. त्या दिवशी मी होतो. लेक भोवऱ्याजवळून गेली, ब्रशवरून गेली, कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याशी बसली आणि आतून बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टण काढलं. तळहातावर ठेवून दुसऱ्या हातानं चोळलं. पुढं, मागं. घशातून तो आवाज आला, अगदी थोडा. मग वेष्टण टाकून तिनं माझ्याकडे पाहिलं. ती सहसा कुणाकडे बघत नाही.

मॅडम सावध झाली. "असं घरी करते का कधी? प्लास्टिक वगैरे चोळते?"

"नाई बाप्पा," बायको म्हणाली. "मी तर नाई पाह्यलं. अवो, तुमी पाह्यलं का?"

"नाई," मी म्हणालो.

पहिलं खोटं मी विचार न करता बोललो होतो. हे विचार करून बोललो. हिशोब सरळ होता: हो म्हटलं तर 'कुठं शिकली' येणार, त्याच्या मागून डोक्यावर ठेवलेला हात येणार. लेकीचं मनगट माझ्या डोळ्यांसमोर होतं, तरी मी नाही म्हणालो.

मॅडमनं प्लास्टिकचा धागा सोडला नाही. तिनं पिशव्या, वेष्टणं, पन्न्या आणून ठेवल्या. लेकीनं त्या चुरगाळून टाकल्या. आठवडे गेले. मनगटाची जखम खोल गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी टाके घातले, औषध दिलं आणि कोपरापर्यंत पट्टी बांधून दिली. लेकीनं दुसरं मनगट चावायला धरलं.

त्या दुपारी बायको स्वयंपाकघरात भिंतीशी बसली होती. रडत नव्हती. भाकरीचं पीठ परातीत तसंच होतं.

"सात वर्ष झाले," ती म्हणाली. "मले माह्या पोरीले काय आवडते थे सांगता येत नाई. थे मॅडम विचारून विचारून थकली. मी कायची माय व्हय?"

मी तिथंच सांगायला हवं होतं. मी चप्पल घातली आणि जुनवानीला गेलो.

मॅडम आवराआवर करत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खर्रा, बाडी, तळहात, शपथ. सांगून झाल्यावर म्हणालो, "तुमी इथं करून पाहा. फक्त काकूले सांगू नका."

तिनं उरलेले ब्रश डब्यात भरले. मग म्हणाली, "काका, काकूंना न सांगता मी हे वापरणार नाही. चोवीस तास पोरगी त्यांच्याजवळ आहे. मी इथं एक शिकवणार, घरी त्यांना माहीतच नसणार, तर कसं चालेल? आणि त्यांनाच वाटतंय की त्यांना कळत नाही."

"थे मले माफ नाई करन."

"नाही करणार कदाचित." ती माझ्याहून कितीतरी लहान होती, तरी मीच खाली पाहिलं.

घरी आलो तेव्हा परातीतल्या पिठाच्या भाकरी झाल्या होत्या. मी खिशातली पुडी काढून ओट्यावर ठेवली आणि बोललो. बायको पुडीकडे बघत राहिली. शेवटी तिनं शपथेबद्दल विचारलं नाही, माझ्या तोंडाबद्दल विचारलं नाही.

"थ्या दिवशी मी दारात होती," ती म्हणाली. "पोरगी तुमच्याजवळ बसली म्हून मी रडली होती. तवा तुमच्या मुठीत हेच होतं?"

"हो."

"अन् मॅडमनं विचारलं तवाबी माहीत होतं तुमाले."

"हो."

"मंग हे दोन्ही हात तुमी चावले तिचे."

हे वाक्य मी कुणाला सांगितलेलं नाही. 

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात गेली ती बाजारातून कोऱ्या पन्न्या आणि जाडी बडीशेप घेऊनच; मीही सोबत गेलो. आता मॅडमपुढं नवा प्रश्न होता: लेकीला यातलं नेमकं काय हवं? वास? आवाज? की माझा हात? वास तिनं तपासायचं साफ नाकारलं. "तंबाखूचं काहीही तिच्या हातात देणार नाही. उत्तर ते निघालं तरी आपल्या कामाचं नाही." माझी भीती नेमकी तीच होती, लेकीला मी वासाची चटक लावली की काय. मॅडमनं एका वेळी एकच गोष्ट दिली आणि लेक तिच्याशी किती वेळ रमते तेवढंच पाहिलं. निवडायला लावलं नाही, हातातलं ओढून घेतलं नाही. नुसती पन्नी दिली, लेकीनं टाकली. पन्नीत बडीशेप घालून दिली, थोडी चोळली, टाकली. मॅडमनं ती आपल्या तळहातावर घोटून दाखवली. लेक जवळ येऊन ऐकत राहिली. मग माझ्या हातात दिली. मी घोटू लागलो आणि लेकीचा तळहात माझ्या हातावर आला. तो आवाज सुरू झाला. ती टेकली. किती वेळ तरी हलली नाही.

तंबाखू नव्हती, तरी. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते सुटल्याचं होतं, आनंदाचं म्हणता येणार नाही, कारण समोर बायको बसली होती. तिनं हात पुढं केला. "आना, मी करते." तिनं घोटलं. लेकीनं तिचा हात धरून बाजूला ठेवला आणि माझा हात ओढला.

रोज ऑटोनं नेणारी ती, टाक्यांच्या वेळी धरून बसणारी ती, आणि निवड झाली माझी. तीही मी शपथ मोडून कमावलेली. बायकोनं ओढणीच्या टोकानं नाक पुसलं आणि मॅडमला म्हणाली, "यांची तं पाळीची ड्युटी आहे. रोज कसे येतीन?"

"तेच," मॅडम म्हणाली. "काकांच्या हाताशिवाय चाललं पाहिजे. काका, तुम्ही वेगळं काय करता?"

मला ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षं केलेल्या कामात आपण काय करतो हे कुठं ठाऊक असतं? त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात फरशीवर मी बायकोसमोर बसलो आणि जिच्यापासून ते लपवलं, तिलाच खर्रा घोटायला शिकवू लागलो. बडीशेपीचा.

"बोटानं नाई. हे खालचं हाड आहे ना, थे टेकव. दाबून पुढं, अन् येताना हलकं."

"असं?"

"जोर पुढं दे. येताना सोड."

"माह्या बापाले पाह्यलं आहे मी असं करताना," ती घोटता घोटता म्हणाली. "लहानपणी मीबी हात ठेवत होती त्याच्या हातावर."

मी थांबलो. ती थांबली नाही. पन्नी चुरचुरत होती. जाताना मोठ्यानं, येताना बारीक. पलीकडच्या खोलीतून लेक आली, दारात उभी राहिली, मग येऊन बसली. तिनं आईचा हात या वेळी बाजूला केला नाही. वर आपला ठेवलाही नाही. ऐकत राहिली.

आईच्या हातावर तिचा हात यायला बरेच दिवस लागले. मग केंद्रात शिकवणं सुरू झालं: पन्नी दिसते, हात पुढं करायचा, लगेच घोटायला मिळतं. आधी मॅडमची सहकारी मागून तिचा हात उचलायची, मग नुसतं कोपराला बोट लावायची, मग तेही नाही. मी कामावर क्रेनच्या केबिनमध्ये असताना बायकोचा फोन आला. मी खाली उतरून मागाहून लावला.

"मागितलं," ती म्हणाली.

"काय?"

"मी भांडे घासून राह्यली होती. आली, अन् माह्या तळहातावर आपला तळहात घासला. चावली नाई. पन्नी समोर नव्हती, तरी मागितलं."

मनगटाचं चावणं एकदम गेलं नाही, अजूनही पूर्ण गेलेलं नाही. आवडही तशीच राहिली नाही. मॅडम मधूनमधून पुन्हा सगळं पसरून लेकीला मोकळं सोडायची, आणि एके वर्षी पन्नीला मागं टाकून पुठ्ठा फाडण्याचा आवाज पुढं आला. आता लेक मोठी झाली आहे. काही चित्रं दाखवून मागते, नको असलं तर हातानं सारते. ते 'नको' मला सगळ्यात मोलाचं वाटतं. मला तिच्या वयात ते येत नव्हतं.

राहिला माझा खर्रा. पुडी ओट्यावर ठेवली त्या दिवसानंतर मी वाट पाहत होतो की बायको पुन्हा शपथ घालेल. तिनं घातली नाही. एकदा मीच म्हणालो, "ठेवू का हात? तुह्या डोक्यावर ठेवतो." ती भाजी निवडत होती.

"कोणाच्याच डोक्यावर नका ठेवू," ती म्हणाली. "खाल्ला तं घरी येऊन सांगा. मी इचारीन नाई. तुमी सांगा."

सुटला का, असं लोक विचारतात. बराचसा. पण वर्षातून कधी ठेल्यापाशी गाडी थांबते, आणि मग घरी येऊन चपला काढायच्या आधी मला दारात उभं राहून ते सांगावं लागतं. ती ऐकून घेते. कधी "बरं" म्हणते, कधी काहीच म्हणत नाही, आणि काहीच म्हणाली नाही की मी त्या रात्रीचं जेवण बाडीत बसून जेवतो.